विहिरीतली ओ

ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. खोटा निघाला तर सांगणारीच्या जिभेला फोड येऊ दे, चुलीवरचं दूध रोज नासू दे, आन गावातल्या म्हशींनी तिला बघून तोंड फिरवू दे. आता ऐका.

गिरिजाबाईनं विहिरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले, वाकून "अवंऽऽ" अशी हाक मारली, आन ओ यायची वाट बघत तिथंच उभी राह्यली.

पिंपळगाव रेणुकाईच्या शिवारात ही रीतच होती. माणूस विहिरीत उतरला की वरच्यानं अधनंमधनं हाक मारायची, खालच्यानं ओ द्यायची, आन ओ आल्याबिगर वरच्यानं काठ सोडायचा न्हाई. खाली हवा कोंडते, दरड सुटते. माणूस धड हाय का न्हाई ते त्या एका ‘ओ’वरनंच कळतं. गिरिजाबाईचा नवरा भिवा त्या उन्हाळ्यात बुजलेला झरा मोकळा करायला रोज उतरून राह्यला होता. विहीर जुनी, आन खोल इतकी, की तळाला भरदुपारीही सांज असायची.

पहिल्यांदा ओ बराबर यायची. मंग जराशी मागं पडायला लागली. हाक मारावी, तोंडातलं पान चघळून संपावं, तवा कुठं खालनं आवाज यावा.

"खाली दुसरी केली का काय तुम्ही?" तो वर आल्यावर तिनं विचारलं.

"आत्ता तर हाक मारलीस. लगेच ओ दिली की," भिवा म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. ऊन कलल्यावर वर यायचा आन न्याहारी मागायचा. सकाळी डोक्याला चोपडलेलं तेल तसंच ओलं असायचं. दातात धरून नेलेली लिंबाची काडी तशीच हिरवी. आन तिच्याच जोडीची, कठड्यावर ठेवलेली, वाळून कडक झालेली. गिरिजाबाई दोन्ही काड्या शेजारी शेजारी धरून बघायची आन चुलीत टाकायची.

झरा मोकळा झाला, पाणी लागलं, तरी भिवा उतरायचा थांबेना. आता काय काम उरलं, असं विचारलं तर म्हणायचा, काम काय न्हाई, पण खाली अंगाला वजनच वाटत न्हाई, लई बरं वाटतं.

सुट्टीत तिच्या बहिणीची पोरगी अक्षता आली. बदनापूरकडं एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. गिरिजाबाईनं तिला शेंगा फोडायला बसवलं आन समदं सांगितलं. अक्षता हसली. म्हणाली, मावशी, खाली गार असतं म्हणून तेल वाळत न्हाई, काडी हिरवी राहते, आन काका कामाच्या नादात असतात म्हणून ओ उशिरा येते. इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण मास्तरणीची खोड, पुढं बोललीच. तसं पाह्यलं तर जितकं खाली जावं तितकं घड्याळ हळू चालतं, हे खरं हाय म्हणाली. फक्त इतकं कमी, की जन्मभर विहिरीत बसलं तरी पापणी लवण्याएवढासुद्धा फरक पडायचा न्हाई.

गिरिजाबाईनं जरा विचार केला.

"जमीन ओढते ते, आन वेळ हळू होतो ते. एकच का दोन?"

अक्षताच्या बोटांतली शेंग तशीच राह्यली. हा सवाल तिला वर्गात कुणी विचारला नव्हता.

"एक न्हाई, मावशी. लोकांना वाटतं, जिथं ओढ जास्त तिथं वेळ हळू. पण समज, तू पृथ्वीच्या पार मधोमध जाऊन बसलीस. तिथं चारी अंगांनी सारखीच ओढ, म्हणजे ओढच न्हाई. अंगाला वजन न्हाई. तरी घड्याळ तिथंच सगळ्यात हळू."

"वजन न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

"मंग ओढ वाटते कुणाला?"

"जो वर राह्यला त्याला. वर वेळ जल्दी, खाली हळू, ह्या फरकानंच वस्तू पडते. जिथं वेळ हळू, तिकडं ती आपोआप कलते. खालनं कुणाला ओढावं लागत न्हाई."

गिरिजाबाईनं दाणे आन टरफलं एकाच सुपात टाकली. अक्षता टरफलं वेचून काढायला लागली.

त्याच सांजेला तिनं भिवाला बजावलं, उद्यापासनं उतरायचं न्हाई. त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिनं दोर लपवला, तर तो कपारीत पाय देत देत उतरला.

त्या दुपारी तिनं हाक मारली. ओ आली न्हाई. ओ यायला वेळ लागतो, हे आता तिच्या अंगवळणी पडलं होतं. घर तिथंच, लिंबाखाली, आन चुलीवर तवा तापून राह्यला होता. तोवर भाकरी टाकू म्हणून तिनं काठ सोडला. ओ यायच्या आधी. जन्मात पहिल्यांदा.

मंग एका सांजेला गिरिजाबाईनं अंगणात ताटं मांडली. भिवा समोर बसला. अक्षतानं आमटी वाढली. भिवानं भाकरी कुस्करली आन मान खाली घालून जेवायला लागला. दावणीच्या शेळीनं कान टवकारले, आन विहिरीतनं आवाज आला.

"ओऽ."

ओ भिवाच्याच गळ्याची. घाई न्हाई, भ्यालेली न्हाई. त्या दुपारची हाक आत्ताच कानावर पडली आन लगेच ओ दिली, अशी.

अक्षताच्या हातातली पळी हवेत थांबली.

गिरिजाबाई बसल्या जागेवरनं हलली न्हाई. पण अंगण विहिरीकडं उतरतं झाल्यागत तिला वाटलं. तिनं ताटाकडं बघितलं. आमटी एकाच काठाला जमा झाली होती, विहिरीकडच्या.

"अक्षे," ती हळूच म्हणाली, "माझा पदर धर. घट्ट धर."

हे समदं खरं हाय. विहीर अजून हाय, जाऊन बघा. कठड्यावर हात तेवढे टेकू नका. फक्त एक गोष्ट माझ्या मनची घातली. भिवा समोर जेवायला बसला होता, ही. गाळ काढणाऱ्या पप्पूच्या क्रेननं त्याचं मढं वर आणून लई दिवस झाले होते, मेल्यामागचं पुण्यानुमोदनसुद्धा उरकलं होतं. ताट तेवढं गिरिजाबाई रोज वाढायची.