क्लचची वायर

"काका, ती वायर डायरेक्ट कर आणि सोड ना मला," महेंद्र ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून म्हणाला. "तीन जणांची चिखलणी खोळंबलीय."

देवरामने नकारार्थी मान हलवली. क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरू नये म्हणून नव्या ट्रॅक्टरला एक छोटा स्विच असतो. पुतण्याच्या ट्रॅक्टरचा तो स्विच जळला होता. नवा कल्याणला मिळणार, म्हणजे आजचा दिवस गेला. खडवलीत दुसरा कुणी मेकॅनिक असता तर दोन वायरी पिळून पाच मिनिटांत मोकळा झाला असता.

चाळीस वर्षांत देवरामच्या हाताखालून ट्रॅक्टरच्या नाना तऱ्हा गेल्या होत्या. स्टिअरिंग वळवताना खांदे निखळायचे ते जुने, मग पॉवर स्टिअरिंगवाले, तेलातल्या ब्रेकचे, आणि आता स्वतःचं दुखणं पडद्यावर लिहून दाखवणारे. नव्या थेरांची टिंगल करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. या स्विचबद्दल मात्र तो कधी वाकडा शब्द बोलला नव्हता.

"नाय करणार," तो म्हणाला.

"का पण? सगळे करतात. तू म्हातारा झालायस, भितोस."

"असाच क्लच न दाबता ट्रॅक्टर चालू झाला, त्यानंच तुझा बाप गेला."

"माहितीय मला. गेर न बघता चालू करायला त्यानं स्वतःच स्टार्टरला पाना टेकवला. आई अजून बोलते, याच्या घाईनं घर बुडवलं."

एकतीस वर्षं देवराम हे ऐकत आला होता आणि दर वेळी खाली बघत होता. आज ते त्याला गिळवेना.

"त्यानं नाय, मी टेकवला," तो म्हणाला. "उत्तम मागच्या चाकापुढं बसून फिल्टरची हवा काढत होता. मी पलीकडं खाली उभा राहूनच पाना लावला. तेव्हा सगळे तसंच चालू करायचे. गेर पडलेला होता, ट्रॅक्टर सरळ पुढं गेला. लोकं धावत आली, तोवर पाना मी त्याच्या हाताजवळ टाकलेला."

महेंद्र चाकापासून दूर झाला. त्याच्या तोंडाकडे बघायची देवरामला लाज वाटली. छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि त्याची तर आणखीच लाज वाटली.

"चार वर्षांचा होतो मी," महेंद्र म्हणाला. "ट्रॅक्टर चालवायला तूच शिकवलास मला."

"हो."

"आईला माहितीय?"

"नाय."

"मग चल."

महेंद्र पुढे, देवराम मागे. मीराबाई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. धाकट्या भावाची ही बायको, आज साठीला आलेली. थोरल्या दिराला पाहून तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या भावोजी," ती उठत म्हणाली. "चहा टाकते."

देवराम पायरीखालीच थांबला. त्याने चपला काढल्या नाहीत.

"चहा नको मीरा," तो म्हणाला. "बस तू. आधी ऐक."