एका तारेवर डोरियन

पडदे शिवणाऱ्या बाईंना गिटारच्या क्लासात सगळे काकू म्हणत, आणि त्यांना ते मुळीच आवडत नसे. आपणही काकूच म्हणू, नाइलाज आहे. लेकीने चार दिवस वाजवून टाकून दिलेली गिटार त्यांनी पन्नाशीत उचलली, तेव्हा नणंद म्हणाली होती, "वहिनी, हे वय गुडघ्यांकडे बघायचं, गिटारकडे नव्हे." काकूंनी दोन्हींकडे बघितलं.

आता प्रश्न क्लासच्या सोमवारच्या वाद्यवृंदाचा होता. सातही मोड वाजवून दाखवले, तरच तिथे प्रवेश. काकूंना तिथे जायचंच होतं. मोड त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते. सूर तेच सात, फक्त सुरुवात दुसऱ्या सुरापासून केली की सगळ्याचा चेहरा बदलतो. पडद्याची पहिली चुणी एक खूण पुढे धरली की तेच कापड वेगळं पडतं, तसं. अडचण होती डाव्या करंगळीची. मशीनची सुई तिच्यातून आरपार गेली, तेव्हापासून ती वाकत नव्हती. आणि सर मोड शिकवत ते चौकोनात: चार बोटं, सहा तारा, हात जागचा हलवायचा नाही.

काकूंनी आपली वाट काढली. कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत त्या एकच तार धरून तिच्यावर लांब सरकत जायच्या. दोन फ्रेट, म्हणजे दांडीवरची दोन घरं, मग एक, मग दोन, दोन, दोन, एक, दोन. झाला सातांतला एक मोड, डोरियन.

परीक्षेत सर म्हणाले, "डोरियन. 'डी'पासून."

काकूंनी चौथी, 'डी'ची तार मोकळी छेडली आणि तीन बोटांनी बाराव्या फ्रेटपर्यंत पोचल्या.

"काकू, हा चौकोन नाही."

"सूर कुठला चुकला?"

"सुरांचं नाही, पद्धतीचं बोलतोय. नाचता येईना, अंगण वाकडं!"

मागे बसलेली पोरं फिदीफिदी हसली. काकूंचं डोकं फिरलं.

"अंगण सरळ आहे, सर. चांगलं लांबलचक आहे. तुम्हीच नाचा एकदा." त्यांनी गिटार पुढे केली.

सरांना नाही म्हणता येईना. पंधरा वर्षं त्यांचा हात चौकोनातच मुरलेला. पाच सूर नीट गेले, सहावा एक फ्रेट अलीकडे पडला. पोरांच्याही ते लक्षात आलं.

"नवव्यावर, सर," काकू म्हणाल्या. "आठव्यावर नाही."

सरांचे कान लाल झाले. त्यांनी कागदावर लिहिलं: पद्धत अमान्य, नापास.

काकूंना रडू आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"खुशाल लिहा. पण परीक्षा सात मोडची आहे. उरलेले सहा ऐकून घ्या."

आणि त्यांनी ते वाजवले, एकेका तारेवर, एकही सूर न चुकवता. सरांनी शेरा काही बदलला नाही.

सोमवारी काकू घरून घडीची खुर्ची घेऊन आल्या. वाद्यवृंदाच्या मधोमध ती उघडली, बसल्या, तारा जुळवल्या. सर काही बोलणार, त्याआधी त्यांनीच विचारलं,

"हं, कुठल्या सुरापासून?"