करवलीची झोप

दुपारी एक वाजता माजघरात नऊ बायका, पाच गोधड्या, एक टेबलफॅन, बाशिंगांचा खोका आणि न सोललेल्या लसणाची अर्धी टोपली होती. रुचिताने हे सगळं डोळे मिटायच्या आधी मोजून घेतलं. भिंतीकडची गोधडी तिला मिळाली होती आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

आज तिच्या भावाची, प्रणयची हळद. टोकावड्याच्या अलीकडे त्यांची वाडी, आणि वाडीत हळद म्हणजे पहाटेपर्यंत बँजो. रुचिता करवली. हळद लागलेल्या नवऱ्याला एकटं सोडत नाहीत. त्याच्या हातात अडकित्ता देतात आणि करवली त्याच्या बाजूला बसते, तो उठेल तिथे उठते. म्हणजे रात्रीची झोप गेली. लग्न उद्या संध्याकाळी होतं, पण सकाळी साडेआठला मुरबाडच्या कॉलेजात रुचिताचं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल होतं.

मागच्या वेळी ती याच प्रॅक्टिकलला नापास झाली होती. ब्युरेटच्या काचनळीतून जांभळं परमँगनेट थेंबाथेंबाने सोडायचं आणि फ्लास्कमध्ये पहिली फिकी गुलाबी छटा टिकली की तोटी बंद करायची. पाठ करून करून रात्री जागलेली रुचिता तिथे उभी राहिली, तेव्हा छटा तिला दिसली होती, पण हात उशिरा हलला. तिन्ही वेळा फ्लास्क पार जांभळा झाला. पुन्हा तसंच झालं तर पदवी अडकणार आणि एम.एस्सी. वर्षभर लांबणार. म्हणून रात्रीची झोप ती दुपारीच उरकून घेणार होती.

डोळा लागतो न लागतो तोच ताराआत्या वाकली.

"झोपलीस का गो?"

"झोपतेय, आत्या."

"झोप, झोप. मी आपली बघायला आले."

आत्या गेली ती थेट मांडवात, भावाला सांगायला. भाऊ म्हणजे रुचिताचे बाबा, कमळाकर. पोरीच्या शिक्षणाचं त्यांना फार कौतुक. त्यांनी लगेच बँजोवाल्याकडून माइक घेतला.

"हॅलो, हॅलो. मंडळी, एक सूचना. आमची रुचिता माजघरात झोपलीय. तिची उद्या मोठी परीक्षा हाय. तरी कुणी आवाज करू नये. परत सांगतो..."

परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना बँजोवाल्याने मागून एक ठेका दिला.

त्यानंतर मांडवातली माणसं एकेक करून बघायला येऊ लागली. म्हसा गावची मावशी उशाशी बसली आणि तिने हलक्या हाताने रुचिताला हलवलं.

"कसली परीक्षा गो? डॉक्टरीन होणार काय?"

"नाय मावशी. केमिस्ट्री."

"म्हंजे औषधाचं दुकान. तेही बरं. झोप आता."

कुणी पंखा तिच्याकडे वळवला. कुणी वारा बाधेल म्हणून परत फिरवला. आईने चहा आणला, डोकं हलकं होईल म्हणून. एका काकूने तिच्या उशाखालून पिना मागितल्या. उशाखाली पिना नव्हत्याच. रुचिता कुशी बदलत राहिली. झोपायचं आहे, झोपायलाच हवं, असं मनाशी घोकलं की छातीत धडधड वाढे. धडधड वाढली की ती नाडी मोजायला लागे, आणि मोजणारं माणूस कसलं झोपतंय! पाचच्या सुमाराला लसूण संपला, बायका उठल्या, आणि नेमकी करवलीला साडी नेसवायची वेळ झाली.

ती मागच्या दारी गेली. प्रणय तिथे वाशिंदच्या कारखान्यातल्या दोस्ताशी फोनवर बोलत होता. कुठल्या गाण्यानंतर कुठलं वाजवायचं, हे तो महिनाभर ठरवत होता. "लवकर या रे, आज नवराच नाचणार हाय," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि बहिणीकडे पाहिलं.

"झोपलीस काय?"

रुचिता आत गेली. दप्तरातली फूटपट्टी आणून त्याच्या हातात दिली.

"ही माझ्या बोटांच्या मधे उभी धर. शून्य खाली. न सांगता सोड."

"हा काय खेळ?"

"जितक्या उशिरा पकडीन तितका आकडा मोठा. झोप झाली असली की मी सोळाच्या आसपास पकडते."

त्याने पट्टी सोडली. तिने पकडली ती सव्वीसवर. दुसऱ्यांदा पट्टी बोटांतून निसटून खालीच पडली.

"परत कर," तो म्हणाला.

"कितीदा केलं तरी तेच येणार, दादा. उद्या तोटी अशीच हातातून जाणार."

प्रणयने पट्टी उचलली, शर्टाला पुसली आणि खिशात ठेवली.

हळद लागली. वाशिंदचे दोस्त आले. बँजोवर पहिलं गाणं वाजलं, दुसरं वाजलं, प्रणय टाळ्या वाजवत बसून राहिला. तिसऱ्याला दोस्तांनी ओढायला हात पुढे केले, तेव्हा त्याने कपाळ धरलं.

"आत्या, डोकं भयंकर चढलंय गो. मी जरा पडतो."

"आत्ताच? अरे तुझीच हळद ना!"

"उद्या मांडवात चक्कर आली म्हंजे?"

आत्या घाबरली. "बरं, पड. पण एकटा नको हां!"

"एकटा कसा? करवली हाय की."

मागची भाताची खोली जाड भिंतींची होती. कणगीच्या बाजूला गोधडी घातली गेली. रुचिता समजली आणि गोधडीवर आडवी झाली. प्रणय मात्र आडवा झाला नाही. हातात अडकित्ता घेऊन तो दाराला पाठ लावून बसला. बाहेर बाबांचा आवाज आला, "मंडळी, नवरदेव झोपलाय. जरा लांब वाजवा." दुपारी जे जमलं नव्हतं ते पाच मिनिटांत झालं, बँजो उचलून खळ्याच्या पलीकडे नेला.

"दादा, तूही झोप."

"झोपतोच हाय. तू डोळे मीट."

दारावर कुणीतरी थाप मारली. "शू!" प्रणय म्हणाला. त्यानंतरचं तिला काही ऐकू आलं नाही.

पावणेसहाला त्याने तिच्या पायाचा अंगठा हलवला. चहा तयार होता. तो अजून दारापाशीच बसला होता, अंगावरची हळद सुकून तिचे पापुद्रे निघत होते.

"झोपलास ना?"

"तुझ्या आधी. घोरत होतो, विचार आत्याला. चल, हात पुढे कर."

त्याने खिशातून पट्टी काढली आणि सोडली. सोळा.

तिने एसटी पकडली. साडेआठला ब्युरेट धुऊन भरली. परमँगनेट गडद असतं म्हणून द्रावाच्या वरच्या कडेवर नजर ठेवून आकडा वाचला. गुलाबी छटा आली, तोटी बंद झाली. पहिलं रीडिंग ९.८, दुसरं ९.७, तिसरं ९.७. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिला आणि आकड्याखाली सही केली.

दीडला ती घरी पोचली, तेव्हा प्रणय मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. ताराआत्या त्याच्या गालाची हळद उतरवत होती आणि कुरकुरत होती.

"डोळे बघ कसे लाल! अरे, तू तर सगळ्यांच्या आधी झोपलास ना?"

"हळद गेली डोळ्यांत," प्रणय म्हणाला. मग बहिणीकडे वळला. "काय गो, तोटी?"

"बंद झाली. वेळेवर."

तो हसला आणि हसता हसता त्याला जांभई आली. रुचिता त्याच्यासमोर बसली. त्याच्या शर्टाच्या खिशातली पट्टी तिने काढून घेतली.

"हात पुढे कर, दादा."

"आता कशाला?"

"कर."

त्याने पिवळी बोटं पुढे केली. तिने पट्टी त्यांच्यामधे उभी धरली, शून्य खाली, आणि न सांगता सोडली.

प्रणयने ती अठ्ठावीसवर पकडली.