माझ्यामुळे गेलेली दहा फूट जमीन

मित्रांनो, मी जमीन मोजायची एक जुनी साखळी आहे. शंभर कड्या, सहासष्ट फूट लांबी. अ‍ॅपलेशियन डोंगरातल्या एका लोहाराने मला घडवलं आणि शूलर घराण्यातल्या तीन पिढ्यांनी खांद्यावर वाहिलं. माझी गोष्ट मिरवण्यासारखी नाही. तरी सांगते, कारण न सांगणं त्याहून वाईट.

शेवटचा मोजणीदार ओडेल. "आजोबांची साखळी खोटं बोलत नाही," असं तो ज्याला त्याला ऐकवायचा आणि मी फुशारून जायचे. आठ मैलांवरच्या कचेरीच्या लांबलचक दगडी पायरीवर बरोबर सहासष्ट फुटांच्या अंतराने दोन खुणा होत्या. कामाआधी मला त्या खुणांमध्ये ताणून बघायचं, असा आजोबांचा नियम होता.

त्या वसंतात राज्य सरकारने आपला डोंगरमाथा केंद्र सरकारला द्यायचं ठरवलं. तिथे राष्ट्रीय उद्यान होणार होतं. माथ्यावरच्या खडकापासून उतारावर चाळीस साखळ्या, एवढीच जमीन जायची होती. तिच्या लगेच खाली, राज्याच्याच जमिनीवर, मेसर कुटुंबाचं जुनं दफनस्थान. तिथे आमच्या शेजारणीचा, व्हर्डीमावशी मेसरचा नवरा हार्ली निजला होता आणि त्याच्या शेजारची जागा तिने स्वतःसाठी राखली होती.

मोजणीच्या आदल्या दिवशी मावशीचं खेचर ओढ्याच्या चिखलात रुतलं. ती तडक ओडेलकडे आली.

"ती साखळी दे. खेचर चिखलात बसलंय आणि तू ओसरीवर. दोघांपैकी एकाला तरी उठवते."

"मावशी, ही मोजायची आहे, ओढायची नाही."

"तुझी आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तुमच्या गाईचं दूध कुणी काढलं रे? तेव्हा मी म्हणाले का, माझे हात फक्त माझ्या गाईसाठी आहेत म्हणून?"

आमच्या डोंगरात शेजाऱ्याला नाही म्हणत नाहीत. खेचर निघालं, पण माझ्या कड्या ताणल्या गेल्या. मी चार बोटं लांब झाले.

सकाळी राज्याचा अधिकारी मोटार घेऊन हजर. "शुक्रवारी सह्या आहेत. साखळी ताडून पाहिलीय ना?"

"गेल्याच आठवड्यात," ओडेल म्हणाला. ते खरं होतं. खेचराची गोष्ट त्याच्या मनातही आली नाही.

चाळीस वेळा मी उतारावर पसरले. चाळीस वेळा चार बोटं जास्त, म्हणजे दहा फूट. शेवटी खुंटी ठोकली ती हार्लीच्या थडग्याच्या पायथ्याशी. झाडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही. शुक्रवारी सह्या झाल्या आणि राज्याची जमीन केंद्राची झाली.

मे महिन्यातल्या एका रविवारी सगळं मेसर कुटुंब थडग्यांवर नवी माती चढवायला, कागदी फुलं वाहायला आणि तिथेच जेवायला जमलं. उद्यानाचा रखवालदार टोपी काढून आला. "फुलं खुशाल वाहा, मावशी. पण खुंटीच्या वर आता नवीन कबर खणता येणार नाही."

सोमवारी ओडेलने मला कचेरीच्या पायरीवर ताणलं आणि मी खुणेच्या चार बोटं पुढे गेले. मग खेटे सुरू झाले. राज्यवाले म्हणाले, जमीन आता आमची नाही. केंद्रवाले म्हणाले, कागदावर आली तेवढी आम्ही घेतली. शेवटी तो मावशीकडे गेला आणि मला तिच्यापुढे ठेवून त्याने सगळं कबूल केलं.

मावशीने माझ्या ताणलेल्या कड्या एकेक करून बोटांनी चाचपल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "हार्ली घोरायचाच इतका. दहा फूट लांब बरी." एवढं बोलून तिने एप्रनने तोंड झाकलं आणि तो लवकर काढला नाही.

पुढच्या हिवाळ्यात ती गेली. खुंटीच्या खाली, जमेल तेवढं जवळ तिला ठेवलं. ओडेलने जागा पोलादी फितीने मोजली. मी घरी खिळ्यावर होते, आणि तेच योग्य होतं.

मित्रांनो, तुमच्या घरातला काटा, माप, फूटपट्टी अधूनमधून ताडून बघत जा. जुनी आहे, नावाजलेली आहे, म्हणून सोडू नका. ती आपणहून सांगणार नाही. तुम्ही म्हणाल, बिचारी साखळी, तिला तोंड कुठे होतं? पण त्या उतारावर ओडेल अधिकाऱ्यापुढे माझी स्तुती करत होता. मला तोंड असतं, तरी मी गप्प राहिले असते.