काळ्यावर काळा धागा

"सूज तशी बेताचीच आहे की," डॉक्टरीणबाई काकूंच्या गालावर बोट दाबत म्हणाल्या. "मालीश चालू ठेवा, चेहऱ्याला पट्टा बांधा. ऑपरेशनची घाई नको."

"बरं," म्हणून काकू उठल्याही.

लेक त्यांना घेऊन जिन्यापर्यंत आली. तिथं तिचा बांध फुटला. "आई, सकाळपासून पट्टा आवळून बसलीस, मुद्दाम दुपारची वेळ घेतलीस, वर पावडर! डॉक्टरकडे आलोय की लग्नाला?"

"मग काय, तसलं तोंड घेऊन चारचौघांत जाऊ?"

खरं तर खोड काकूंची नव्हती, धंद्याची होती. तीस वर्षं त्या रफू करत आल्या. कोटाच्या आतल्या बाजूनं धागा काढायचा आणि भोक असं विणायचं की मालकालाही जागा सापडू नये. भोकं लपवण्यात हयात घालवलेली बाई डॉक्टरपासूनही लपवून आली. शहाण्या माणसाचा वेडेपणा असाच असतो.

दोन वर्षांपूर्वी जिभेचा कॅन्सर झाला. मानेतल्या गाठी काढल्या, किरणोपचार झाले. कॅन्सर गेला, पण चेहऱ्यातलं पाणी खाली उतरायच्या वाटा बुजल्या. आडवं पडलं की ते गालात, पापण्यांत साठायचं आणि डोळे दुपारपर्यंत उघडायचे नाहीत. काळ्यावर काळा धागा दिव्याखाली दिसत नाही, त्याला सकाळचं ऊन लागतं. दुकानाच्या खिडकीत ते अकरापर्यंतच असायचं. काळे कोट परत जायला लागले. काकूंना हे कॅन्सरपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी लेकीनं त्यांना अंथरुणातून उठवून, पट्टा न बांधता, हात धरून आठ वाजता दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच.

"काकू, हे काल कुठं होतं?"

"झाकलं होतं."

डॉक्टरीणबाईंना हसावं की रागवावं कळेना. मग त्यांनी नीट समजावलं. कानापुढच्या बारीक वाहिन्या शोधायच्या आणि मायक्रोस्कोपखाली शेजारच्या शिरेला जोडायच्या, म्हणजे पाण्याला वाट मिळते. "पण चेहरा पहिल्यासारखा होईल असं मी म्हणणार नाही. सूज किती उतरेल तेही आज सांगता येत नाही."

"दोरा केवढा असतो?"

"केसाहून बारीक."

"हात कापत नाही ना तुमचा?"

"नाही."

"मग करा. चेहऱ्याचं काही नाही हो, मला माझी सकाळ पाहिजे."

तीन महिन्यांनी काकू आठच्या ठोक्याला खिडकीत बसल्या. गाल अजून थोडा भरलेला, हसू एका बाजूला ओढलेलं. पण डोळे उघडे होते. काळा कोट घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची नजर त्यांच्या कानापुढच्या व्रणावर अडकली. तो ओशाळून दुसरीकडे बघायला लागला.

"बघा की, बिनधास्त बघा," काकूंनी केस कानामागे सारले. "रफू केलंय. चांगल्या हातचं आहे. आता तुमचं कुठं फाटलंय ते दाखवा."

त्यानं बाही पुढे केली. काकूंनी ती उन्हात धरली आणि आतल्या बाजूनं एक काळा धागा काढायला घेतला.