हा आकडा कशाला?

घरोघरी जाऊन आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टरना एक खोड होती. वस्तू कशी चालते हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. पण हत्यार म्हणाल तर त्यांच्याकडे सेफ्टी पिन, नख आणि दात, एवढाच काय तो ऐवज. कुणाच्या चष्म्याची काडी ढिली असे, कुणाच्या औषधाच्या बाटलीचं झाकण हट्टाला पेटलेलं असे. एकदा एक पाकीट फोडताना नख मुळापासून उचकटलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं, तेव्हा त्यांनी ठरवलं, आता पुरे.

"घडीचं मल्टिटूल घेणार आहे, एकातच सगळी हत्यारं असतात ते," त्यांनी घरी जाहीर केलं.

"म्हणजे आता इंजेक्शनं देता देता सुतारकामही करणार?" नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

हत्यारांच्या दुकानात गल्ल्यावर एक किडकिडीत मालकीणबाई बसल्या होत्या. काचेच्या कपाटातलं सगळ्यांत थोराड मल्टिटूल दाखवून सिस्टर म्हणाल्या, "हेच द्या. ह्यात सगळं आहे."

"आहे खरं. जरा खिशात टाकून चालून दाखवा."

सिस्टरनी ते कोटाच्या खिशात टाकलं. कोट एका बाजूला असा काही लोंबला की आत कुणी वीट ठेवलीय असं वाटावं. दोघींनाही हसू आलं.

"आज सकाळपासून हाताला काय काय हवंसं झालं, ते सांगा," मालकीणबाई म्हणाल्या.

सिस्टर आठवू लागल्या. पट्टी कापायला कात्री. मग चष्म्याचा बारीक स्क्रू. परत कात्री. काटा काढायला चिमटा. आणि हो, पुन्हा कात्रीच.

"मग आधी कात्री बघा. बाकीचं तिच्या मागोमाग येईल."

सिस्टरनी पिशवीतून बँडेजची गुंडाळी काढली आणि एकेका मल्टिटूलची कात्री तिच्यावर चालवून पाहिली. एकीने कापड चावलं, एक मधेच अडकली, एक सुंदर चालली पण तिला उघडायला लांब नख लागायचं, आणि नर्सची नखं कायम बारीक कापलेली. शेवटी बोटाएवढं एक मिळालं. त्यात कात्री, छोटं पातं, दोन पेचकस, कानस, चिमटा आणि एक आखूड, वाकडा आकडा होता. पक्कड तेवढी नव्हती.

"पक्कड हवी तर वजनही घ्यावं लागेल," मालकीणबाई म्हणाल्या. सिस्टरनी खिशावर हात फिरवला आणि पक्कड सोडून दिली.

त्यांच्या रुग्णांमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांची जीभ सावरली, पाय थोडेफार चालू लागले, पण उजवा हात मांडीवर नुसता पडून असे. व्यायामासाठी दिलेला रबरी चेंडू ते सरळ पलंगाखाली ढकलून देत. "मी काय रांगतं बाळ आहे?" असं वर म्हणत. त्यांची कॉलेजात शिकवणारी लेक ह्या चेंडूपायी टेकीला आली होती. बापलेकीचं बोलणं आता 'गोळी घेतली का' आणि 'घेतली' एवढ्यावर आलं होतं.

त्या दिवशी सिस्टरनी सरांच्या चष्म्याचा स्क्रू आवळला. चष्मा नाकावर चढताच सरांची नजर मल्टिटूलवर गेली.

"बघू."

सिस्टरनी पातं मिटलंय ना ते पाहून दिलं. सरांनी उभ्या जन्मात खिळा ठोकला नव्हता. शाळेत शिपाई होता, घरी बायको. ते त्या वस्तूकडे टक लावून बघत राहिले.

"हा आकडा कशाला?"

"ठाऊक नाही हो, सर."

"तुमच्याच खिशात असतो आणि तुम्हालाच ठाऊक नाही?"

सिस्टर शाळकरी मुलीसारख्या ओशाळल्या. "बुटाची नाडी ओढायला असेल."

"त्याला बोटं आहेत की." सरांनी आतल्या खोलीकडे हाक मारली. "अगं, हा आकडा कशाला असतो?"

लेक दारात आली. वडिलांनी आपणहून काही विचारल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. "विणताना सुटलेला टाका उचलायला?" तिने चाचरत सांगून पाहिलं.

"छे! टोक बघ किती जाड आहे." आणि बोलता बोलता सरांनी आकडा मिटवायला अंगठा लावला. उजवा अंगठा.

सिस्टरना ओरडावंसं वाटलं. त्यांनी रक्तदाबाच्या यंत्रात डोकं खुपसलं आणि काही दिसलंच नाही असं दाखवलं. अंगठा घसरला, पुन्हा लागला, पुन्हा घसरला. आकडा काही मिटला नाही, पण चेंडूवर जेवढा जोर सरांनी कधी लावला नव्हता, तेवढा त्यांनी त्या अर्ध्या इंचाच्या लोखंडावर लावला होता.

आपलं मल्टिटूल तिथे ठेवून येण्याची सोय नव्हती. सरांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, बोट कापलं असतं तर भलतंच निस्तरावं लागलं असतं. म्हणून सिस्टर पुन्हा दुकानात गेल्या.

"पातं नसलेलं हवं. आणि बोटांत जोर नसलेल्या माणसाला उघडता आलं पाहिजे."

ह्या खेपेला निवड भलतीच अवघड गेली. सिस्टर प्रत्येक मल्टिटूल डाव्या हाताच्या करंगळीने उघडून पाहत होत्या. मालकीणबाईंनाही गंमत वाटू लागली, त्याही करंगळीने खटपट करू लागल्या. एक गिऱ्हाईक हा प्रकार पाहून काही न घेताच निघून गेलं. अखेर रुंद मुठीचं, लहानशी पक्कड आणि पेचकस असलेलं, पात्याशिवायचं एक सापडलं. त्याचे भाग अलगद बाहेर येत.

"आणि माझ्यातला तो आकडा कशाला असतो?" सिस्टरनी निघता निघता विचारलं.

"दोरीने बांधलेलं पार्सल उचलायला. दोरी बोटांना काचते ना, म्हणून."

सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "एवढंच?" पण नवं मल्टिटूल हातात आलं आणि तो विषय तिथेच राहिला.

मग घराची काही धडगत राहिली नाही. सर खुर्चीत बसून हाताशी येईल ते उघडू लागले. टेबलघड्याळ झालं, रेडिओ झाला, कपाटाच्या मुठी झाल्या. काढलेलं बहुतेक परत लागायचं, पण मोघम.

"सिस्टर, ड्रॉवर ओढला तर मूठच हातात आली माझ्या!" लेक फोनवर कुरकुरली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण परवा चमचा उजव्या हातात धरला होता."

एका सकाळी सिस्टर आल्या, आपल्याकडच्या किल्लीने दार उघडून आत शिरल्या, तर पलंग रिकामा. बाथरूमच्या बंद दारासमोर सर खुर्ची लावून बसलेले. घामाने चिंब. आतून लेकीचा आवाज.

"बाबा, ऐका माझं. माझा फोन स्वयंपाकघरात आहे, कुणाला तरी बोलवा."

"मी बिघडवलंय, मीच बघतो."

सिस्टर पुढे धावल्या. "सर, काय झालं?"

"काल ह्या दाराच्या कुलपाची मूठ उघडली होती. परत लावली. आता आत गेल्यावर हिला दार उघडेना." त्यांनी मान वळवली नाही. "हात लावू नका, सिस्टर. मला कळत आलंय."

सिस्टरचा हात खिशातल्या मल्टिटूलपर्यंत गेला होता. त्यांनी तो मागे घेतला. हे त्यांना फार जड गेलं.

मुठीच्या पट्टीला वर-खाली स्क्रू होते. सरांनी पेचकस खालच्या स्क्रूच्या खाचेत टेकवला, डाव्या हाताने मूठ पकडली आणि उजव्याने दाबलं. पेचकस सटकला. पुन्हा टेकवला. मनगट थरथरत होतं, पण स्क्रू फिरला.

"आता बघ गं."

आतून खटखट. "नाही हलत."

"तरी वाटलंच. हा आखूड आहे." सरांनी स्क्रू डोळ्यांजवळ धरला. "दोन्ही सारखे नव्हते. लांब कुठला, आखूड कुठला, हे मी काल पाहिलंच नाही. लांब वर गेला असणार आणि आत कशाला तरी अडला असणार."

"बाबा, तुम्ही दमला असाल. थांबा थोडं."

"तू घाबरलीयस का?"

"आधी घाबरले होते. म्हटलं, तुम्हीच पडलात बाहेर तर?"

"मी बसलोय गं, खुर्चीत. निवांत आहे."

सिस्टर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. वरचा स्क्रू उंचावर होता, त्यासाठी सरांना हात खांद्यापर्यंत न्यावा लागत होता, आणि तो वाटेत गळून पडत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरलं. स्क्रू थोडा फिरला. मग आणखी थोडा. मग बाहेर आला, चांगला लांबलचक.

"आता."

मूठ खाली गेली. दार उघडलं.

लेक बाहेर आली. आता ती काय बोलते, म्हणून सिस्टर बघत राहिल्या. तिने वडिलांच्या उजव्या हाताकडे पाहिलं, घट्ट आवळलेल्या मुठीतून डोकावणाऱ्या स्क्रूकडे पाहिलं आणि खाली त्यांच्या पायाशीच बसकण मारली. रडते आहे की हसते आहे, ते सिस्टरना उमगेना.

"पण अडलं कशाला?" सर स्क्रूच्या भोकाला डोळा लावत म्हणाले. "आत काय असतं?"

"बघायचं?" लेकीने डोळे पुसले.

कुलपाची पेटी दारातून निघाली, जेवणाच्या टेबलावर आली. चहा झाला आणि तसाच निवत राहिला. सिस्टरनी पुढच्या रुग्णाला उशीर होईल असं कळवून टाकलं, कारण आत काय असतं हे त्यांनाही पाहायचं होतं. लेकीने पेटी धरली, सरांनी झाकणाचे स्क्रू काढले, सिस्टरनी आपल्या चिमट्याने झाकण हलकेच उचललं.

टण्ण! काहीतरी उडालं आणि फरशीवर नाचत कुठेतरी गेलं.

"स्प्रिंग!" सर आनंदाने ओरडले. "कुणी हलू नका!"

लेक आणि सिस्टर गुडघ्यांवर उतरून टेबलाखाली शिरल्या, आणि वरून सर त्यांना कोपरे सांगू लागले.