नाव, गाव, शाळा

मित्रांनो, माझ्या काचेला तडा गेला आहे आणि पाठीचं झाकण रबरानं बांधलेलं आहे. मी सास्तूरच्या उत्तरेश्वर आजोबांचा जुना मोबाइल. मुरुम गावच्या दुकानात माझं मोल झालं. पण खरा आवाज मला आजोबांच्या बंडीच्या खिशात मिळाला. गोठ्यात धार काढताना ते माझ्यावर कीर्तन लावत. टाळ वाजले की म्हैस पान्हा सोडते, असं ते सगळ्यांना सांगत.

गावच्या हरिनाम सप्ताहात त्यांची नात हर्षाली, सातवीतली पोर, गवळण गायली आणि अख्खा मांडव डोलला. आजोबांनी माझ्यावर तिचा व्हिडिओ काढून साऱ्या जगाला दाखवला. मांडवात लहान गायकाची ओळख करून देतात ना, तशीच खाली लिहिली: नाव, गाव, शाळा, वर्ग. कौतुकाचा पाऊस पडला. मीही मिरवलो.

चार दिवसांनी माझ्यावर हर्षालीसाठी कुणा अनोळखी ‘ताई’चा निरोप आला. "तुला मोठ्या कार्यक्रमात गायला घेते. फोटो पाठव." हर्षालीनं पाठवला. मग आलं, "आता मी सांगते तसे पाठव. घरी बोललीस तर हाच फोटो वाईट करून तुझ्या शाळेत पाठवीन."

घरी कळलं तर आपलं गाणंच बंद होईल, ही हर्षालीला धास्ती. तिनं मला ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत दडवलं. निरोप येत राहिले, मी पत्र्याला लागून थरथरत राहिलो.

ज्वारी काढायला आलेली धुरपदा आजी दचकली. "आगं बया, कोठी गुरगुरायलीय!"

हर्षाली रडत सगळं बोलली. "आजोबा, माझं गाणं बंद करू नका."

आजोबांनी मला हातात घेतलं. "गाणं कशाला बंद? तुझी चूक न्हाय, लेकी. पत्ता म्याच वाटला. मांडवातली माणसं वळखीची असत्यात. हितं म्होरं कोण बसलंय, ते कुठं दिसतंय?"

"जन्मभर कीर्तन ऐकलं, अन् एवढं उमगलं न्हाय व्हय?" आजी म्हणाली, पण पाण्याचा तांब्या तिनं त्यांच्याच हातात दिला.

आजोबा मला शाळेत घेऊन गेले. तिथल्या शिक्षिका नंदाबाईंनी निरोप पुसू दिले नाहीत. ते पोलिसांना दाखवले, मग त्या ‘ताई’ची वाट बंद केली, व्हिडिओही काढून टाकला.

परवा हर्षाली पुन्हा मांडवात गायली. आजोबांनी मला खिशातच ठेवलं आणि दोन्ही हातांनी टाळ धरले. मला काही दिसलं नाही. पण त्यांच्या छातीला लागून सगळं ऐकलं.

मित्रांनो, मला जपून वापरा. कुणी ‘घरी सांगू नको’ म्हणालं, तर तेच आधी घरी सांगा. मी कोठीत नुसता थरथरू शकतो. बोलायचं तुम्हालाच आहे.